कॅबट ट्रेलला पहिल्यांदा निघताय?

कॅनडातल्या केप ब्रेटन बेटावरचा हा रस्त्याचा फेरा 298 किलोमीटरचा. एका दिवसात उरकतो, पण तसं करू नका, दोन मुक्काम ठेवाच. घड्याळाच्या उलट दिशेने गेलात तर गाडी समुद्राच्या कडेने जाते आणि उजव्या खिडकीत खाली थेट पाणी! घाटाची धास्ती असेल तर घड्याळाच्या दिशेने, डोंगराच्या बाजूने जा. फ्रेंच माउंटनच्या उतारावर नुसत्या ब्रेकवर विसंबू नका, गिअर खाली घ्या. जळका वास आला की गाडी बाजूला घेऊन थांबा. शेटिकँप गावात टाकी भरा. तिन्हीसांजेला रस्त्यावर मूस (मोठी हरणं) येतात, अंग काळपट असल्याने चटकन दिसत नाहीत. पानांचे रंग पाहायला ऑक्टोबरात जाणार असाल तर खोल्या आत्ताच धरून ठेवा.