स्पॅनिश घे, आणि मध्येच सोडू नकोस

अमेरिकेत सगळीकडे इंग्रजी चालतं, मग कॉलेजात आणखी एक भाषा कशाला, असं तू विचारलंस. अरे, या देशात चार कोटींहून जास्त लोक घरात स्पॅनिश बोलतात. मी इथे दवाखान्यात काम करते. फोनवर दुभाषी येईपर्यंत एखादी आजी घाबरून गप्प बसलेली असते. "कुठे दुखतंय?" एवढं तिच्या भाषेत विचारलं की ती माझा हात धरून बोलू लागते. (औषधाचं प्रमाण मात्र मी दुभाष्याशिवाय सांगत नाही.)

शाळेत दोन वर्षं शिकून काही आलं नाही, म्हणून खट्टू होऊ नकोस. अमेरिकी परराष्ट्र खातं आपल्या अधिकाऱ्यांना स्पॅनिशसाठी सुमारे ३० आठवडे देतं, जपानी-अरबीसाठी ८८, आणि तेही पूर्णवेळ! तुझे तास कमी पडले, एवढंच. रोज अर्धा तास मोठ्याने वाच.

घरची मराठी इथे फार उपयोगी पडेल. पांढरा-पांढरी तसं ब्लांको-ब्लांका. आणि वर्गातली अमेरिकन मुलं जिथे हमखास अडखळतात, ते "मे गुस्ता" म्हणजे थेट आपलं "मला आवडतं".