जुनं हॉटेल, नवा थाट

प्रश्न : ताई, पुढच्या महिन्यात सिंगापूरला जातोय. रॅफल्स हॉटेलचं म्हणे सगळं नवं केलंय. मुक्काम परवडणारा नाही. नुसतं बघायला जावं का?

उत्तर : जरूर जा. सारकीज बंधू या आर्मेनियन हॉटेलवाल्यांनी १८८७ साली सुरू केलेलं हे हॉटेल मोठ्या डागडुजीनंतर ऑगस्ट २०१९मध्ये पुन्हा उघडलं. सुइट्स १०३ होत्या, त्या ११५ झाल्या. मुख्य इमारत मात्र १८९९ची, तीच आहे. इमारतीला राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा असल्याने वाटेल तशी तोडफोड करता येत नाही. खोल्या पाहुण्यांपुरत्याच, तिकडे डोकावू नका. अंगण, व्हरांडे, दुकानांच्या ओळी मनसोक्त फिरा. मला विचाराल तर नवा झगमगाट थोडा अतीच वाटला, पण हॉटेलातल्याच लाँग बारमध्ये शिरले नि पायाखाली शेंगदाण्याची टरफलं कुरकुरली! तिथे ती जमिनीवरच टाकायची, हा रिवाज अजून टिकलाय. (घरी असं केलं असतं तर आईने झाडूच हातात दिला असता.) ‘सिंगापूर स्लिंग’ हे पेयही याच बारमधलं, साधारण १९१५चं. न पिणाऱ्यांसाठी बिनदारूचंही मिळतं. गर्दी टाळायची तर बार उघडताच पोहोचा.