पोस्टाने किंवा ऑनलाइन जाहिरात करताना स्प्लिट टेस्टिंग कसं करतात? किती लोकांवर, किती दिवस?

दोन मजकूर करायचे, दोन सारख्या गटांना पाठवायचे, जास्त ऑर्डरी आणेल तो ठेवायचा. एवढं तुम्हाला माहीत असणारच. घोळ होतो तो 'सारख्या' या शब्दापाशी, आणि तिथे माझं डोकं आजही तापतं.

२००३ साली मी पुण्यात एका प्रकाशनसंस्थेत होतो. प्रकाशनपूर्व सवलतीची पत्रं पोस्टाने जायची. आठ हजार जुन्या ग्राहकांचे पत्ते, तीन खंडांचा संच आणि दोन पत्रं. साहेबांचं एकपानी, सोबत रंगीत माहितीपत्रक. माझं चारपानी, बिनचित्रांचं, पण त्यात पहिल्या खंडातली एक हकिगत सबंध सांगितलेली. ऑर्डर कार्डाच्या कोपऱ्यात बारीक अक्षर छापलं, साहेबांच्या पत्राला 'अ' आणि माझ्या पत्राला 'ब', म्हणजे परत आलेलं कार्ड कुठल्या पत्राचं ते कळावं. इथवर सगळं ठीक. पण यादी पिनकोडप्रमाणे लावलेली होती, आणि साहेबांनी ती मधोमध कापली. ४०० आणि ४११, म्हणजे मुंबई-पुणे, सगळे 'अ'मध्ये. नागपूर, अमरावती, यवतमाळ 'ब'मध्ये. पुण्यातली पत्रं दोन दिवसांत पोचली, विदर्भातल्यांना आठवडा लागला. सवलतीची शेवटची तारीख मात्र एकच!

'अ'ची कार्डं दीडपट आली. 'लोक लांबलचक वाचत नाहीत' असा निकाल लागला आणि मी तिथे होतो तोवर तोच चालला. मी सांगून पाहिलं, एकाआड एक पत्ता घ्या, पहिला 'अ', दुसरा 'ब'. उत्तर मिळालं, "तीस वर्षं या धंद्यात आहे, मला वाचक कळतो."

असा वाचक कुणालाच कळत नाही. ओबामांच्या २००८ च्या प्रचारात वेबसाइटच्या पहिल्या पानावर चित्रं-व्हिडिओ आणि बटणं यांच्या २४ जोड्या तपासल्या. प्रचारातल्या मंडळींना व्हिडिओ आवडले होते, ते सगळे मागे पडले. कुटुंबाचा फोटो आणि 'अधिक जाणून घ्या' हे बटण जिंकलं. पानावर येणाऱ्यांपैकी नाव नोंदवणारे ८.२६ टक्क्यांवरून ११.६ टक्क्यांवर गेले.

ऑनलाइन वाटणी सोपी असते. येणाऱ्याला सॉफ्टवेअर चिठ्ठी टाकल्यासारखं एका गटात घालतं, आणि तो परत आला तरी त्याला तेच पान दाखवतं. दोन्ही पानं एकाच काळात चालतात, त्यामुळे तारखेचा वाद उरत नाही. आकड्याचं म्हणाल तर, शंभरात दोघं घेत असतील आणि ते अडीचवर गेलं की नाही हे खात्रीने पाहायचं असेल, तर प्रत्येक बाजूला साधारण १४,००० माणसं लागतात. दिवस आधीच ठरवा, पूर्ण आठवडे घ्या, कारण रविवारचं गिऱ्हाईक वेगळं असतं. तिसऱ्या दिवशी एक बाजू पुढे दिसली म्हणून थांबलात तर चाचणी फुकट गेली.

रोज पन्नासच माणसं येत असतील तर हे सगळं सोडा, दहा ग्राहकांना फोन करा. आणि हेही सांगायला हवं, की आमची यादी नीट वाटली असती तरी 'लांब वाचत नाहीत' हे सिद्ध झालं नसतं. रंगीत पत्रकही एकाच बाजूला होतं. माझं पत्र हरलंही असतं कदाचित. ते सरळ वाटणीत हरलेलं मला बघायचं होतं.

तुमच्याकडे पत्ते वाटायचं काम मजकूर लिहिणाऱ्याला देऊ नका. मीही ते मागितलं नसतं.