डोक्याला मार लागला, पण सीटी स्कॅन नाही?

प्रश्न: माझा सात वर्षांचा मुलगा काल सायकलवरून पडला, डोक्याला टेंगूळ आलंय. डॉक्टरांनी तपासलं आणि सीटी स्कॅनची गरज नाही म्हणाले. मला रात्रभर झोप नाही. स्कॅन करूनच घ्यावा का?

उत्तर: ताई, तुमची काळजी अगदी समजते. पण डॉक्टरांनी नीट तपासून नाही म्हटलंय ना, मग त्याला भक्कम संशोधनाचा आधार आहे. २००९ साली अमेरिकेत ४२ हजारांहून जास्त मुलांचा अभ्यास झाला आणि त्यातून नियम ठरले की कोणाला स्कॅनशिवाय सोडता येतं, कारण सीटीत रेडिएशन असतं आणि वाढत्या वयात ते उगाच नको. बेशुद्ध पडला नाही, उलट्या नाहीत, डोकं फार दुखत नाही, वागणं नेहमीसारखं आहे, कवटी फ्रॅक्चर झाल्याची लक्षणं नाहीत आणि अपघात मोठा नव्हता, तर धोका खूपच कमी. मात्र उलट्या सुरू झाल्या, फिट आली, असंबद्ध बडबडायला लागला, उठवून उठत नाही किंवा डोकेदुखी वाढत गेली तर लगेच हॉस्पिटल गाठा, रात्र असली तरी.

आणि हो, आठवडाभर अंधाऱ्या खोलीत झोपवून ठेवू नका, तो जुना सल्ला झाला. एकदोन दिवस आराम, मग हळूहळू चालणं, शाळा. सायकल आणि धक्काबुक्कीचे खेळ मात्र डॉक्टर हो म्हणेपर्यंत नको.