चलनात सापडणारी जुनी तांबे-निकेलची नाणी जपून ठेवावीत का?

अवश्य ठेवावीत, मात्र संग्रह म्हणून, धातूच्या भावाकडे पाहून नव्हे, कारण नाणी वितळवण्यास २०११च्या नाणे कायद्याने मनाई आहे.

सुट्ट्या पैशांत अजूनही अधूनमधून येणारे जाड, ९ ग्रॅमचे पाच रुपयांचे नाणे आणि भारताचा नकाशा असलेले अकरा कडांचे दोन रुपयांचे नाणे ही दोन्ही ७५ टक्के तांबे व २५ टक्के निकेल यांच्या मिश्रधातूची असून, नंतरच्या पोलादी नाण्यांना चुंबक चिकटतो तसा तो यांना चिकटत नाही, त्यामुळे घरच्या घरी निवड करणे सोपे जाते. सालाखालची टांकसाळीची खूणही पाहावी: पत्त्यांतल्यासारखी चौकट मुंबईची, चांदणी हैदराबादची, गोल ठिपका नोएडाचा, तर कोलकात्याच्या नाण्यावर खूण नसते. पंचवीस पैसे व त्याखालची नाणी ३० जून २०११पासून चलनातून बाद झाली असल्याने ती आता जुन्या डब्यांतच शोधावी लागतात.

नाणे चिंचेने किंवा पितांबरीने घासू नये. आपल्याकडे हा मोह फार असतो, पण त्याने मूळची झळाळी कायमची जाते. मऊ पीव्हीसीच्या पिशव्याही टाळाव्यात, कारण त्यांतील नाण्यांवर कालांतराने हिरवट चिकट थर चढतो.