वाचक विचारतात : दोन दिवसांत रत्नागिरी

प्रश्न : डिसेंबरात आईबाबांना घेऊन ट्रेनने रत्नागिरीला जातोय, दोघंही सत्तरीचे, बाबांचे गुडघे दुखतात. दोन दिवसांत गणपतीपुळ्यासकट सगळं होईल का हो?

उत्तर : होईल की, फक्त सगळंच बघायचा हट्ट नको. स्टेशन गावापासून लांब आहे, रिक्षा करावीच लागते. पहिल्या दिवशी थिबा पॅलेस बघा, ब्रह्मदेशच्या थिबा राजाला इंग्रजांनी 1885 मध्ये पदच्युत करून इकडे आणून ठेवलं आणि 1916 मध्ये तो इथेच वारला, बिचारा परत मायदेशी गेलाच नाही, बाबांना इतिहासाची आवड असेल तर तिथे वेळ ठेवा. मग टिळकांचं जन्मस्थान, 1931 चं पतितपावन मंदिर, आणि संध्याकाळी भाट्ये किंवा मांडवीचा समुद्रकिनारा. रत्नदुर्ग किल्ल्यावर गाडी बरीच वर जाते पण पुढे चढ-पायऱ्या आहेतच, बाबांना बघूनच ठरवा.

दुसरा दिवस गणपतीपुळे, पण जाताना आरे-वारेचा रस्ताच घ्या, समुद्र सोबतच असतो, माझ्या मते देवळाइतकाच तोही बघण्यासारखा. पुळ्याला पाण्यात मात्र उतरू नका, ओढ जबरदस्त आहे. नाताळच्या सुट्टीत तुफान गर्दी असते, शक्यतो त्याआधीच जा. आणि आंबा विचारू नका, डिसेंबरात फक्त आंबापोळी मिळेल!