रेनेसाँ (युरोपातलं प्रबोधन) वाचायला घेताय? आधी एक शहर धरा

पहिल्याच महिन्यात लिओनार्दो ते शेक्सपिअर सगळं उरकायला जाऊ नका, तिथेच बहुतेकांचा दम सुटतो. एकच शहर निवडा. माझं ऐकाल तर व्हेनिस.

तिथे आल्डस मानुटियस या छापखानेवाल्याने १५०१ मध्ये व्हर्जिल या प्राचीन रोमन कवीच्या कविता लहान आकारात, तिरक्या अक्षरांत छापल्या. जाड स्पष्टीकरणं नाहीत, नुसती मूळ संहिता. मेजावर पसरायचा ग्रंथ हातात मावू लागला! १५०८ मध्ये डच विद्वान इरॅस्मस याच छापखान्यात बसून आपल्या म्हणींच्या संग्रहात भर घालत होता, शेजारी छपाईच्या अक्षरांचे खिळे जुळवणं चालू. नवे विचार पसरले म्हणजे काय, ते इथे डोळ्यांना दिसतं.

सुरुवातीच्या दोन चुका टाळा:

- १४५३ मध्ये कॉन्स्टँटिनोपल तुर्कांच्या हाती पडलं, तिथले ग्रीक विद्वान इटलीत आले आणि सगळं सुरू झालं, असं मानणं. इटलीतल्याच फ्लॉरेन्समध्ये क्रिसोलोरास हा कॉन्स्टँटिनोपलचा विद्वान १३९७ पासूनच ग्रीक शिकवत होता.
- छापखाना आला म्हणजे मानवतावाद (प्राचीन ग्रीक-लॅटिन ग्रंथांचा नव्याने अभ्यास) आला, असं समजणं. गोव्यातही १५५६ मध्ये छापखाना आला, पण मिशनऱ्यांच्या कामासाठी. यंत्र कोणाच्या हातात आहे ते आधी बघा.

लॅटिन, तत्त्वज्ञानातले वाद सध्या राहू द्या. जर्मन चित्रकार ड्यूररची व्हेनिसवारी वाचून झाली की पुढचं विचारा, आनंदाने सांगेन.